दारापर्यंत चालून दाखव

मुलांनो, आधी चपला काढा. खाटेवर नाहीतर ओट्यावर बसा आणि उजवा पाय पुढे सरळ करा. आता अशी कल्पना करा, की तुमच्या पायाचा अंगठा म्हणजे खडू आणि समोरची हवा म्हणजे फळा. मांडी हलवायची नाही, गुडघा हलवायचा नाही. फक्त घोट्यातून पाय वळवायचा आणि हवेत एक 'अ' काढायचा. काढला? वाकडा आला ना? येऊ द्या, मोठ्या माणसांचाही तसाच येतो. आता हाच 'अ' काढताना घोट्याच्या बाहेरच्या अंगाला कुणीतरी सुई टोचतंय, अशी कल्पना करा. आणि समोरच्या बाकावर बसलेलं माणूस आपल्याकडे बघून गालात हसतंय, अशीही करा...

जमलं? मग आता प्रियंकाची गोष्ट तुम्हाला सांगायला हरकत नाही.

प्रियंका आखाडा बाळापूरच्या एका शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायची. वय चोवीस. तिचं गाव बाळापूरपासून सहा-सात किलोमीटरवर. रोज सकाळी ती एसटीनं शाळेत यायची आणि सोबत असायची तिच्या भावाची मुलगी, आरोही. आरोही सहा वर्षांची, आत्याच्याच वर्गात. शाळेत 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आत्या', एवढं तिनं पहिल्याच दिवशी पाठ केलं होतं. दुसरं एक मात्र तिला काही केल्या जमत नव्हतं, ते म्हणजे गप्प बसणं. नवीनच वाचायला शिकली होती. दुकानाच्या पाट्या, खताच्या गोण्या, एसटीच्या खिडकीखालची सूचना... दिसेल ते ती मोठ्यानं वाचायची.

पौषातली सकाळ होती. थंडीनं एसटीच्या काचा घामेजल्या होत्या. बाळापूरच्या स्टँडवर प्रियंका शेवटच्या पायरीवरून उतरली, पाय एका सुट्या दगडावर पडला आणि घोटा आतल्या बाजूला वळला. कट्ट! डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण तोंडातून तिनं हूं की चूं केलं नाही. गाडीचा दांडा धरून ती ताठ उभी राहिली, जणू तिथं उभं राहायलाच ती आली होती.

"उजवा का डावा?"

बाकावर एक तरुण बसला होता. शेजारी कुबडी टेकवलेली. हाताची बोटं पिवळीधमक, नखांच्या कडांपर्यंत.

"काय?"

"पाय म्हणलं. उजवा का डावा?"

"माझा पाय ठीक आहे."

"बरं. मंग डोळ्यात कचरा गेला असंल."

"आत्याचा उजवा," आरोही म्हणाली. "नेहमी उजवाच मुरगळतो."

"आरोही!"

त्या तरुणानं हसू दाबलं. "चार पावलं टाकून बघा मॅडम. चार पावलंबी टाकता न्हाई आली, तर आधी हाडाचा फोटो काढावा लागतो."

प्रियंकानं दात आवळून आठ पावलं टाकली. आठव्या पावलाला वळली आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"चारच म्हणलो होतो."

"मी आठ टाकली. तुमची काही तक्रार?"

"मह्या बापाची तक्रार न्हाई!" त्यानं दोन्ही हात वर केले. "पण घरी जाऊन गरम तेलानं चोळू नका. दोन-तीन दिवस बर्फ, फडक्यात गुंडाळून. पाय उशीवर, छातीच्या वर. अन् कुणी पाय ओढून लचक काढतो म्हणलं, तर त्याला म्हणा आधी स्वतःचा ओढ."

"तुम्ही डॉक्टर का?"

"मी हळद शिजवतो." त्यानं आपली पिवळी बोटं दाखवली. "ट्रॅक्टरवर कुकर घेऊन गावोगाव. दिवाळीत कुकर दुरुस्त करता करता ट्रॉलीवरून उडी मारली अन् घोटा मोडून घेतला. तवापासून रीता मॅडमच्या शाळेत हावो. ते बघा, समोर, निळं दार. एवढं तिथंच पाठ झालं."

"मला शाळेत शिकायची गरज नाही. मी शाळेत शिकवते."

"व्हय का! मंग तर बाई म्हणावं लागंल."

ती निघाली. न लंगडता निघाली, आणि त्यासाठी तिला किती सोसावं लागलं ते तिचं तिला माहीत. पण कोपऱ्यावर वळताना तिनं निळ्या दाराकडे एकदा पाहिलंच...

आता एक विचाराल. पाय दुखतोय तर दुखतोय म्हणावं, त्यात लपवायचं काय?

दोन वर्षांपूर्वी शिजवलेल्या हळदीच्या वाळवणात प्रियंकाचा पाय हळकुंडांवरून घसरला होता. गावातल्या एकानं गरम तेल लावून तो ओढला, चोळला, 'बसला' म्हणाला. सुजलेल्या पायानं ती दुसऱ्याच दिवशी पुन्हा कामाला लागली. तेव्हापासून घोटा सारखाच मुरगळायचा. त्याच वर्षी तिला पाहायला पाहुणे आले. तुम्हाला माहीतच असेल, पोहे झाले की कुणीतरी म्हणतं, पोरी, जरा त्या दारापर्यंत चालून दाखव. ती चालली. चार दिवसांनी निरोप आला, पोरगी पायानं अधू दिसते.

तेव्हापासून घरात पायाचं नाव काढायचं नाही असं ठरलं. तिच्या आईनं, पद्माबाईंनी, तिच्या साड्यांचे फॉल दोन बोटं खाली घेतले. घोटा झाकला गेला, पण ठणकायचा राहिला नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर प्रियंकानं निळं दार ढकललं. आरोही सोबत होतीच.

रीता मॅडम फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामानं हातपाय बरे करणाऱ्या, जवळच्याच तांड्यावरच्या. ठेंगण्या, चष्मा नाकावर, आवाज मात्र मैदानावरचा. त्यांनी प्रियंकाचा घोटा हातात घेतला, हळूच इकडे-तिकडे वळवला, आणि कपाटातून एका जुन्या चड्डीचं इलॅस्टिक काढलं.

"हे बघ. घोट्याची हाडं अशा पट्ट्यांनी बांधलेली असतात. नवीन इलॅस्टिक ओढलं की परत जागेवर येतं. हे जुनं बघ, ओढलं की ओढलेलंच. तुझ्या पट्ट्या लूज झाल्यात. पण खरी तकलीफ वेगळीच आहे. पाय कुठं पडतोय, हे तुझ्या पायाला कळंना झालंय. डोळे मीट. उजव्या पायावर उभी राहा."

प्रियंका उभी राहिली. आरोही मोजायला लागली. "एक... दोन... ती..."

तिनाला प्रियंकानं टेबल धरलं.

"वीसपर्यंत गेली पाहिजेस," मॅडम म्हणाल्या. "सहा-आठ हप्ते, रोज. सायकलच्या ट्यूबचा पट्टा लावून पाय बाहेर ओढायचा. दात घासताना एका पायावर. अंगठ्यानं हवेत मुळाक्षरं. बूट घालायचे, पातळ चपला बंद. आणि लपवाछपवी बंद. पुन्हा जोरात मुरगळला तर ती पट्टी तुटून ऑपरेशनच करावं लागेल. कळलं का?"

"कळलं."

"मग बस त्या बाकावर. सोमेश्वर, पाय आवर जरा."

समोर तो बसला होता. पिवळ्या बोटांचा. शिरड शहापूरचा सोमेश्वर. त्याचा डावा पाय हवेत होता आणि अंगठ्यानं तो काहीतरी लिहीत होता. आरोही त्याच्यापुढे उभी राहिली, मान तिरकी करून.

"च... हा. चहा!"

"आता ग बया," सोमेश्वर म्हणाला. "हिला तर वाचता येतं."

प्रियंकाला हसू आलं. दोन वर्षांत पायाच्या बाबतीत तिला पहिल्यांदाच हसू आलं होतं.

"च नीट काढा," ती म्हणाली. "तुमचा च पोटाला मुंगी चावल्यासारखा दिसतोय."

"बाई, तुमचा अ बघितला मी. त्याला बूडच न्हाई."

"माझा पहिला दिवस आहे."

"मंग मला दोन म्हैन्यांचा विद्यार्थी म्हणा. पुढच्या बाकावर बसवा."

आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, ती दोघं समोरासमोरच्या बाकांवर बसून हवेत लिहू लागली. जे बोलायला जीभ रेटत नव्हती, ते अंगठा सहज लिहून टाकायचा. फक्त एक अडचण होती, आरोही ते मोठ्यानं वाचायची.

"थं... ड... का. आत्या, काका विचारतात, थंड का?"

"सांग त्यांना, बर्फ लावते म्हणून थंड."

"स... ग... ळी सूज ग... गेली," आरोही आत्याचा पाय वाचायची आणि सोमेश्वर टाळी वाजवायचा.

माघ लागला. बाळापूरच्या रस्त्याकडेला पळस पेटले. प्रियंकाचे अंक तिनावरून सातावर आले, सातावरून अकरावर. सोमेश्वरनं कुबडी सोडली. हळदीचा हंगाम तोंडावर आला होता, त्याला ट्रॉलीवर चढता यायला हवं होतं. एकदा सगळे व्यायाम झाल्यावर त्यानं पाय वर केला, एक अक्षर काढलं... आणि पुसल्यासारखा पाय खाली घेतला.

"काय होतं?" प्रियंकानं विचारलं.

"काही न्हाई. खडू मोडला."

"कुकरवाले, एवढे भित्रे असाल असं वाटलं नव्हतं."

त्यानं आरोहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. कान लाल झाले होते. "भेव तुमचं न्हाई बाई. तुमच्या उत्तराचं हाय."

ती खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी आधीच बांधलेली होती.

पुढच्याच आठवड्यात घरी निरोप आला. कळमनुरीचे अमृतराव आपल्या भाच्याला घेऊन रविवारी मुलगी पाहायला येणार. मुलगा चांगला, घर मोठं. वडील, तातेराव, दिवसभर अंगणात फेऱ्या मारत होते. पद्माबाईंनी सगळं ठरवून टाकलं होतं. घोट्याला पट्टी घट्ट, वरून लांब साडी, सकाळी दुखण्याची एक गोळी आणि पायात आरोहीच्या आईच्या नाजूक चपला.

"दहा पावलांची तर बात हाय लेकरा," त्या म्हणाल्या. "दहा पावलं नीट चाल. मंग जन्मभर लंगडली तरी कुणी काय म्हणतंय?"

आईचा आवाज ओला होता, म्हणून प्रियंका त्या वेळी काही बोलली नाही. शुक्रवारी निळ्या दाराआड मात्र तिनं सगळं सांगितलं. सोमेश्वरचा पाय हवेतच थांबला.

"मी येऊ का?" तो म्हणाला. "तुमच्या बाबांशी बोलतो. रविवारच्या आधी."

"काय बोलणार?"

"जे अंगठ्यानं लिहिता न्हाई आलं, ते."

प्रियंकानं मान हलवली. नाही.

"काहून?" त्याचा आवाज उतरला.

"तुम्ही मध्ये आलात तर सगळे म्हणतील, हिच्या मनात दुसरा होता म्हणून ही अशी बोलली. मला ते नको. पाय माझा आहे. दोन वर्षं मी तो चोरासारखा लपवलाय. आधी त्याच्यावर मी उभी राहीन. तुमचं... तुमचं नंतर."

"नंतर म्हंजी हाय तर?"

"लिहिणं चालू ठेवा," ती म्हणाली. "च अजून नीट येत नाही तुमचा."

रविवार उजाडला. ओसरीवर सतरंजी. अमृतराव मधोमध, पांढरी टोपी, मिश्या कोरलेल्या. शेजारी भाचा, मोबाइल उलटा-सुलटा करत. दोन बायका. पोहे झाले, नाव-गाव विचारून झालं. प्रियंकानं पट्टी बांधली नव्हती, गोळी घेतली नव्हती. साडी मात्र नेसली होती, मोरपंखी. फॉल तिनं रात्रीच उसवून पुन्हा वर घेतला होता.

अमृतरावांनी सुपारी गालात सरकवली. "बरं पोरी. जरा उठ. त्या दारापर्यंत चालून दाखव."

पद्माबाईंनी डोळे मिटले.

प्रियंका उठली. साडीखाली शाळेचे पांढरे बूट होते. सगळ्यांना दिसले.

"चालते मामा. पण आधी सांगते. माझा उजवा घोटा दोन वर्षांपासून दुखतो. मुरगळला, चुकीचा चोळला, तसाच वापरला. आता इलाज चालू आहे. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी थोडी लंगडते. अशी."

आणि ती चालली. काही न चोरता, जशी चालायची तशी. दारापर्यंत गेली, वळली, परत आली.

बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. तातेरावांची मान खाली गेली. अमृतराव घसा खाकरून म्हणाले, "तातेराव, हे आधी सांगायचं होतं. आमच्या घरात धडधाकट पायाची माणसं हायेत बाबा."

"मग बघू या ना," प्रियंका म्हणाली.

"काय?"

"धडधाकट पाय. माझ्या मॅडमनी शिकवलेली परीक्षा आहे. बूट-चपला काढायच्या, डोळे मिटायचे, एका पायावर उभं राहायचं. आमची आरोही वीसपर्यंत मोजते. मला चालून दाखवा म्हणालात, मी दाखवलं. आता पाहुण्यांनी उभं राहून दाखवावं."

भाचा हसला. हसतच उठला, त्याला ते सोपं वाटलं. आरोही कमरेवर हात ठेवून पुढे आली. "एक... दोन... तीन..."

सहाला त्याचे हात उडायला लागले. आठला त्यानं खांब धरला.

"थांब, मी दाखवतो," अमृतराव चिडून उठले. टोपी सरळ केली, डोळे मिटले, धोतर सावरून एक पाय उचलला. तिनाला ते डुलले, चाराला भाच्याच्या खांद्यावर आदळले आणि दोघंही पोह्यांच्या ताटात बसले.

कुणी हसलं नाही. म्हणजे हसायला आलं सगळ्यांनाच, पण कुणी हसलं नाही.

प्रियंकानं बूट काढले. उजवा पाय. तोच. गार फरशी तळव्याला लागली. घरातल्या सरावात आजपर्यंत तिचा सर्वांत मोठा आकडा पंधरा होता. तिनं डोळे मिटले.

"एक... दोन..."

घोट्याच्या आत बारीक थरथर सुरू झाली. तो पाय दोन वर्षांत किती वेळा तिला दगा देऊन बसला होता! वाळवणात, पायरीवर, स्टँडवर.

"नऊ... दहा..."

अंधारात तिला फक्त आपला तळवा कळत होता. अंगठ्याखाली भार, मग टाचेखाली, मग पुन्हा अंगठ्याखाली. पाय कुठं आहे हे पायाला कळत होतं.

"पंधरा..." आरोहीचा आवाज कापला. "सोळा..."

डोलली. हात एकदा हवेत गेला. पण पाय खाली टेकला नाही.

"अठरा... एकोणीस... वीस!"

प्रियंकानं डोळे उघडले तेव्हा पाहुणे चपला शोधत होते. जाताना अमृतराव एवढंच म्हणाले, "पोरगी लई बोलती." आणि ते काही खोटं नव्हतं.

संध्याकाळी प्रियंका पाणी आणायला अंगणात गेली, तर तातेराव एकटेच लिंबाला हात लावून एका पायावर उभे होते. डोळे मिटलेले. तिची चाहूल लागताच त्यांनी पाय खाली घेतला.

"पाचच्या वर जात न्हाई बुवा मव्हा," ते म्हणाले. मग लिंबावरचा हात काढून म्हणाले, "वाळवणात पडली त्या दिवशी मी तुला घरी बसू द्याला पाहिजे होतं. चुकलं मव्हं."

"बाबा, उद्यापासून दात घासताना करा. दोन हप्त्यांत दहावर जाल."

पंधरा दिवसांनी तातेरावांची हळद शिजायला घातली. कुकर कुणाचा बोलावलाय हे प्रियंकाला ठाऊक नव्हतं. सकाळी शेताकडून ट्रॅक्टरचा आवाज आला, मग वाफेचा, मग सगळ्या आसमंतात तो उकडलेल्या हळदीचा उग्र-गोड वास भरला. दुपारी तातेराव कुकरवाल्याला चहाला घरी घेऊन आले. थोडा लंगडत, पिवळ्या हातांनी केस सारखे करत सोमेश्वर ओसरीवर टेकला आणि समोर उंबऱ्यावर बसलेल्या प्रियंकाकडे बघून चहाचा कप हातातच विसरला.

"पायाला काय झालं रे तुह्या?" तातेरावांनी विचारलं.

"घोटा मोडला होता, काका. बरा होऊन राहिला. एक चांगल्या बाई भेटल्या, त्यांनी अक्षर सुधारलं मव्हं."

"पायाचा अन् अक्षराचा काय संबंध?"

सोमेश्वरनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत सगळा प्रश्न होता... खडू मोडला होता त्या दिवशीचा.

प्रियंकानं उजव्या पायातला बूट काढला. आरोही शेजारीच बसली होती, हे तिला पक्कं माहीत होतं. आई चुलीपाशी आहे, बाबा समोर आहेत, हेही. तिनं पाय सरळ केला आणि मोठी, ठळक, शाळेच्या फळ्यावर काढतात तशी अक्षरं हवेत काढली. घाई केली नाही. एकेक अक्षर.

आरोहीनं मान तिरकी केली.

"प..." ती मोठ्यानं वाचू लागली. "सं... त." मग पुन्हा, सगळं जोडून, अख्ख्या घराला ऐकू जाईल असं, "पसंत! आजोबा, आत्यानं लिहिलंय, पसंत!"

चुलीपाशी पळी पडल्याचा आवाज झाला. तातेरावांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं नजर खाली घेतली नाही. मग त्यांनी कुकरवाल्याकडे पाहिलं. त्यानं कप खाली ठेवला आणि तो ताठ बसला. तातेरावांच्या मिशीचं एक टोक हळूच वर गेलं...

पण ते काही बोलायच्या आत आरोही उठली. ओसरीच्या मधोमध येऊन तिनं एक गाल फुगवला, आत सुपारी असल्यासारखा, आणि कमरेवर हात ठेवून सोमेश्वरला म्हणाली, "बरं. जरा उठा. त्या दारापर्यंत चालून दाखवा."

सोमेश्वर उठला. आणि आरोही मोजायला लागली.